चार ते सहा भेटणार नाहीत

एखादं पुस्तक आवडलं की बरं वाटतं. त्याच लेखकाची आणखी दोन आहेत असं कळलं की आणखी बरं वाटतं. आणखी सत्तर आहेत असं कळलं की मात्र पोटात गोळा येतो. रेक्स स्टाउट या अमेरिकन लेखकाच्या वाटेला जाणाऱ्याचं हेच होतं. नीरो वूल्फ नावाच्या खासगी गुप्तहेरावर त्यानं १९३४ ते १९७५ या काळात ३३ कादंबऱ्या लिहिल्या, आणि वर चाळीसेक दीर्घकथा. खून कुणी केला, हा प्रश्न नव्या वाचकाला फार नंतर पडतो. त्याआधीचा प्रश्न म्हणजे यातलं आधी कुठलं वाचू? आणि हा प्रश्न त्यानं चारचौघांत विचारला, की संपलं.

रहस्यकथा वाचणाऱ्यांना सल्ला देण्याची भयंकर हौस असते. त्यातला एक पंथ 'पहिल्यापासूनच'वाल्यांचा. ही मंडळी नाटकाला पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी जाऊन बसतात, पुस्तकाचा ऋणनिर्देश वाचतात आणि दिवाळी अंक अनुक्रमणिकेतल्या क्रमानं संपवतात. क्रम चुकला तर काय होतं, हे ते सांगत नाहीत. फक्त मान हलवतात. दुसऱ्या पंथाचं म्हणणं, पहिली पाच सोडून दे, लेखकाला तोवर सूर सापडलेला नाही. त्यांनी ती पहिली पाच स्वतः दोन-दोनदा वाचलेली असतात, पण तुम्ही वाचू नयेत असं त्यांना कळकळीनं वाटतं. तिसरा प्रकार सर्वांत घातक. हे लोक शिफारस करता करता खुनी सांगून टाकतात. "अरे, तो वकील साधा वाटतो ना, तसा नाही हां तो! वाच, मजा येईल." आता काय मजा येणार, कपाळ?

आमच्या आधीच्या पिढीला हा घोर नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांतून अहोरात्र फिरत होती. पण यातलं आधी कुठलं, असं टेबलामागच्या गृहस्थांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतं. जे आत आहे ते घ्यायचं, जे बाहेर गेलंय त्याची वाट बघायची. फार तर आधीच्या कुणा वाचकानं दहाव्या पानावर पेन्सिलनं 'पुतण्याच आहे' असं लिहून ठेवलेलं असायचं. तेवढा धोका सगळे पत्करत.

आजच्या मुलांचं तसं नाही. माझ्या भाचीला मी मोठ्या उत्साहानं वूल्फबद्दल सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, ऑर्डर पाठव. आणि मधलं काय काय स्किप करायचं तेही." वाचायच्या आधी गाळायचं काय, याची यादी! तिला उत्तर द्यायचं म्हणून मी विचार करायला लागलो आणि लक्षात आलं, की वूल्फच्या बाबतीत क्रम ही नव्वद टक्के अंधश्रद्धा आहे. उरलेल्या दहा टक्क्यांकडे येतोच, पण आधी त्या घरात जाऊ. सगळी गोम त्या घरात आहे.

न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या पश्चिमेकडच्या पस्तिसाव्या रस्त्यावर तपकिरी दगडाचं एक जुनं घर. सात पायऱ्या चढून वर जायचं. दाराला एकाच बाजूनं दिसणारी काच. आतला तुम्हाला बघतो, तुम्ही फक्त स्वतःला बघता. घराचा मालक नीरो वूल्फ. त्याचा मदतनीस आर्ची गुडविन त्याचं वजन टनाचा सातवा भाग असं सांगतो. अमेरिकन टन धरला तर हे १३० किलोच्या घरात जातं. हा गुप्तहेर कामासाठी घराबाहेर पडत नाही. पायांचे ठसे, सिगारेटची थोटकं, पाठलाग, गटारातून पळणं, यातलं काही नाही. ज्याला गरज असेल त्यानं येऊन ऑफिसातल्या लाल चामड्याच्या खुर्चीत बसावं आणि बोलावं. वूल्फ डोळे मिटून ऐकतो, ओठ पुढे-मागे करतो, आणि ते ओठ हलायला लागले की आर्ची श्वास रोखून गप्प बसतो.

दादरला एखाद्या कडक काकूंकडे पेइंग गेस्ट राहिलेल्या माणसाला या घरात अवघडल्यासारखं होणार नाही. सगळ्याच्या वेळा ठरलेल्या. सकाळी आठला पिवळ्या रेशमी पायजम्यात, आपल्याच खोलीत, ट्रेवरून आलेला नाश्ता. नऊ ते अकरा गच्चीवरच्या काचघरात ऑर्किडं. तिथे दहा हजार ऑर्किडं आहेत आणि त्यांची देखभाल करायला थिओडोर हॉर्स्टमन नावाचा स्वतंत्र माणूस आहे. अकराला लिफ्टनं खाली. सव्वाएकला जेवण. चार ते सहा पुन्हा ऑर्किडं. नंतर रात्रीचं जेवण. जेवताना कामाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. राजकारण चालेल, इतिहास चालेल, पण समोर बसलेला माणूस उद्या विजेच्या खुर्चीवर जाणार असेल तरी तो विषय कॉफी आल्यावर.

चार ते सहाच्या मध्ये खून झाला तर? होतात की. मृतदेह पडतात, पोलीस येतात, अशिलाला घेरी येते, सगळं होतं. वूल्फ सहाला खाली येतो.

स्वयंपाकघर फ्रिट्झ ब्रेनर या स्विस आचाऱ्याचं. तो आणि वूल्फ यांच्यात पदार्थांवरून जे वाद होतात ते मला अनेकदा खुनापेक्षा रंजक वाटले आहेत. अमुक मसाला घातला की नाही, अमुक पानं मला न विचारता का बदलली, यावरून ही दोन प्रौढ माणसं दिवस दिवस अबोला धरतात. अंड्याची भुर्जी म्हणावी असा जो पदार्थ आहे, तो नीट करायला चाळीस मिनिटं लागतात असं वूल्फचं ठाम मत. आपल्याकडे एवढ्या वेळात पुरणपोळीचं पुरण वाटून होतं. या मालिकेतल्या पदार्थांचं एक सबंध पुस्तक १९७३ साली निघालं, यावरून काय ते समजा. कोणाच्याही पोटात सुरा खुपसला जाण्याआधी वाचकाच्या पोटात भूक खुपसणारा हा बहुधा एकमेव गुप्तहेर असेल.

मुद्दा असा, की या घरात कुणाचंही वय वाढत नाही. वूल्फ पन्नाशी ओलांडलेला आहे आणि तिथेच आहे. आर्ची तिशीत आहे आणि तिथेच आहे. बाहेर मात्र कॅलेंडर चालू आहे. पहिल्या पुस्तकात अमेरिकेतली दारूबंदी नुकती सैल होतेय, मग महायुद्ध येतं, मग शीतयुद्ध, शेवटच्या पुस्तकात वॉटरगेट. एवढ्यात तेरा अध्यक्ष बदलले असते तरी आर्चीचा एक केस पांढरा झाला नसता. याची सर्वांत गमतीदार अडचण स्टाउटनं स्वतःच ओढवून घेतली. 'टू मेनी कुक्स' या १९३८ च्या कादंबरीत पॉल व्हिपल नावाचा एक कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थी वेटरचं काम करत असतो, आणि वूल्फला माहिती देतो. १९६४ च्या 'अ राइट टु डाय'मध्ये तोच व्हिपल मदत मागायला पस्तिसाव्या रस्त्यावर येतो. आता तो कोलंबिया विद्यापीठात शिकवतोय. त्याला लग्नाच्या वयाचा मुलगा आहे. आणि दार उघडणारा आर्ची? जसा होता तसाच! बिचाऱ्या व्हिपलनं दारात उभं राहून 'तुम्ही लावता तरी काय?' असं विचारलं नाही, हे त्याचं सौजन्य.

म्हणून म्हणतो, क्रमाची फिकीर कसली करता? क्रम पाळायला काळ तर पुढे सरकला पाहिजे. लेखकानंच पाळला नाही तर तुम्ही का पाळता? त्या घराचा नंबरसुद्धा त्याला एक ठेवता आलेला नाही. वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे नंबर दिलेत, आणि नकाशा घेऊन बसलेल्या भाविकांनी हिशेब केला तेव्हा त्यातले बरेच हडसन नदीत निघाले. वूल्फ जन्मला कुठे, हेही धड नाही. बहुतेक ठिकाणी तो मॉन्टेनेग्रोचा, एका पुस्तकात तो स्वतःच सांगतो की मी इथलाच, अमेरिकेतला. गुप्तहेराच्या जन्मदाखल्याचा असा घोळ आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत खपला नसता.

याचं कारण स्टाउटची लिहिण्याची रीत. तो एकदा लिहिलेलं पुन्हा वाचून सुधारत नसे. बसला की काही आठवड्यांत कादंबरी हातावेगळी, आणि तीच छपाईला. माणूसही नमुनेदार होता. १८८६ साली इंडियानात जन्मला, कॅन्ससमध्ये वाढला, तरुणपणी नौदलात शिरून अध्यक्षांच्या खास जहाजावर नोकरी केली, आणि पुढे शाळकरी मुलांच्या बचतीची एक योजना काढून त्यावर इतका पैसा मिळवला, की निवांत लिहायला मोकळा झाला. पहिली वूल्फ कादंबरी आली तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे ज्या वयात आपण 'आता काय नवीन करणार' असं म्हणत पायजमा चढवतो त्या वयात त्यानं हे सगळं सुरू केलं आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत चालू ठेवलं. १९४१ साली शेरलॉक होम्सच्या भक्तांसमोर उभं राहून डॉक्टर वॉटसन ही बाई होती, हे त्यानं साधार सिद्ध करून दाखवलं होतं. भक्तांनी त्याला जिवंत सोडलं, यात त्यांचाही मोठेपणा आहे.

दुसऱ्या महायुद्धात तो सरकारच्या बाजूनं लेखकांची फौज उभी करण्यात गुंतला. त्या वर्षांत वूल्फची एकही कादंबरी नाही, फक्त दीर्घकथा. त्यातली 'नॉट क्वाइट डेड इनफ' जरूर वाचावी, पण आधी नको. तीत आर्ची मेजर होऊन परततो तर घराची रया गेलेली. वूल्फनं सैन्यात भरती व्हायचं ठरवलंय, त्यासाठी बिअर सोडलीय, जेवण तोडलंय, आणि तो फ्रिट्झला घेऊन नदीकाठी चालण्याचा व्यायाम करतोय! हा विनोद ज्याला घराचे नियम पाठ आहेत त्यालाच कळणार. ज्यानं इथून सुरुवात केली त्याला वाटेल, असेल एखादा तब्येतीची काळजी घेणारा जाडा गृहस्थ.

इथे ते दहा टक्के येतात. क्रमाला अर्थ नाही, पण नियम कळायच्या आधी नियम मोडलेला बघण्यात मजा नाही. आणि स्टाउट फार लबाड. घराबाहेर न पडणारा माणूस एकदा निर्माण केल्यावर त्याला घराबाहेर काढण्याची त्याला सारखी हुक्की येते. 'टू मेनी कुक्स'मध्ये वूल्फ आगगाडीत बसतो, का तर जगातले थोर आचारी एका ठिकाणी जमणार आहेत आणि त्यातल्या एकाकडून एका सॉसेजची कृती काढायची आहे. 'सम बरीड सीझर'मध्ये तो ऑर्किडं घेऊन एका जत्रेसारख्या प्रदर्शनाला निघतो, गाडी झाडावर आदळते, आणि जवळचं घर गाठायला कुरण ओलांडताना मागे बैल लागतो. तो बैल साधा नाही. उपाहारगृहांची साखळी चालवणाऱ्या एका बड्या आसामीनं त्याला ४५,००० डॉलरला विकत घेतलंय, आणि जाहिरात म्हणून भाजून लोकांना खाऊ घालायचं ठरवलंय. कुरणाच्या मधोमध एका धोंड्यावर १३० किलोचा महापुरुष निश्चल उभा आहे, असं ते दृश्य. माझ्या मते मालिकेतलं हे सर्वांत हसवणारं पुस्तक. तरीही पहिलं म्हणून देऊ नये. तुम्हाला तो धोंड्यावर उभा असलेला एक लठ्ठ माणूस दिसेल. आम्हाला तिथे नऊ ते अकरा, चार ते सहा, ती खास बनवून घेतलेली खुर्ची आणि फ्रिट्झचा ट्रे, सगळं एकदम धोंड्यावर चढलेलं दिसतं.

मग 'पहिल्यापासूनच'वाल्यांचं ऐकावं का? पहिलं पुस्तक 'फर-द-लान्स'. नाव एका विषारी सापाचं, आणि साप नुसता नावापुरता नाही. गोल्फच्या मैदानावर एका कॉलेजचा अध्यक्ष मरतो, इथपासून गोष्ट रंगते. सुरुवातीलाच वूल्फ नव्यानं कायदेशीर झालेल्या बिअरचे ४९ प्रकार मागवून चव घेत बसतो आणि दिवसाचा कोटा कमी करून पाच क्वार्टवर आणण्याचा निश्चय करतो. हा भाग सुरेख. पण पुढे पुस्तक पसरतं. वूल्फ इथे स्वतःच्या प्रतिभेबद्दल जरा जास्तच बोलतो, आर्ची जरा जास्तच रांगडा आहे. दोघांनाही एकमेकांची सवय व्हायची आहे. पहिलं म्हणून वाचून कंटाळलेली आणि मालिका सोडून दिलेली दोन-तीन माणसं मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं. चौथं-पाचवं म्हणून वाचा, मग तेच पुस्तक जुन्या अल्बमसारखं बघवतं.

माझं मत 'द सायलेंट स्पीकर'ला. साल १९४६. युद्ध संपलंय, सरकारी किंमत-नियंत्रण खातं आणि उद्योगपती एकमेकांच्या नरडीला लागलेत. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात उद्योगपतींच्या सभेपुढे भाषण करायला त्या खात्याचा प्रमुख आलाय. आत टाळ्या वाजवायला लोक तयार, आणि बाहेरच्या खोलीत प्रमुखाच्या डोक्यात कुणीतरी पाना घालतं. भाषण राहून जातं. पुढे श्रुतलेखनाच्या नळकांड्यांवरून जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा आहे. इथे घर आहे, वेळा आहेत, लाल खुर्ची आहे, कधीही न पेटवलेली सिगार चावत धुमसणारा इन्स्पेक्टर क्रेमर आहे, आणि वूल्फचा आळस ऐन बहरात आहे. बँकेतली शिल्लक खाली गेल्याशिवाय हा माणूस काम घेत नाही आणि घेतलेलं टाळायला काहीही करू शकतो, हे इथे सप्रमाण कळतं.

भाचीला मी हे पुस्तक दिलं. शंभरेक पानांनंतर तिचा फोन आला. "मामा, तो वूल्फ ठीक आहे रे. आर्चीचं सांग, त्याचं लग्न होतं का?"

यात सगळं आलं. लोक मालिकेला वूल्फच्या नावानं ओळखतात, पण वाचतात आर्चीसाठी. गोष्ट तोच सांगतो. दूध पितो, उत्तम नाचतो, मालकाला टोचून बोलतो, पगार घेतो आणि कामाला लावतो. होम्सच्या वॉटसनसारखा दर पानाला थक्क होत नाही. तासभराचं संभाषण तो शब्दन्‌ शब्द जसंच्या तसं परत सांगू शकतो, आणि याचा मला फार हेवा वाटतो. आमच्या घरी फोन ठेवल्यावर 'काय म्हणाली ती?' या प्रश्नाला 'काही नाही, सहज' यापलीकडे मला आजवर उत्तर देता आलेलं नाही. वूल्फ त्याला शाबासकी म्हणून फार तर 'समाधानकारक' म्हणतो. त्या एका शब्दावर आर्ची आठवडा काढतो. आपल्या शाळांतल्या प्रगतिपुस्तकांवर हाच शब्द लाल शाईत यायचा आणि घरी मार बसायचा.

आता जरा उणं सांगतो, नाहीतर भक्त म्हणाल. रहस्य म्हणून यातली कित्येक पुस्तकं बेताची आहेत. शेवटी सगळ्या संशयितांना ऑफिसात पिवळ्या खुर्च्यांवर बसवायचं, वूल्फनं तासभर बोलायचं, आणि सॉल पँझर नावाच्या मदतनिसानं आपल्याला न दाखवलेल्या कुठल्यातरी गावाहून ऐन वेळी पुरावा आणून टाकायचा, हा प्रकार पुनःपुन्हा होतो. वाचकावर हा सरळ अन्याय आहे. वूल्फची बायकांबद्दलची मतं आज वाचवत नाहीत. घरात कुणी स्त्री रडायला लागली तर हा माणूस खोलीतून चक्क पळतो. ज्यांना कोडं सोडवायचं आहे त्यांनी अगाथा ख्रिस्तीकडे जावं. इथे यायचं ते या घरात चार घटका बसायला.

मात्र फार बसू नये. आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाल्यावर या मालिकेत शिरले आणि काही महिन्यांतच त्यांच्यात वूल्फ शिरला. दारावर पाटी लागली : 'चार ते सहा भेटणार नाही.' बाल्कनीत रोपवाटिकेतून आणलेलं एक ऑर्किड आलं. बिअरला डॉक्टरांची मनाई, म्हणून ताक. जेवताना कामाचं बोलायचं नाही, असा फतवा निघाला. त्यांना काम नसल्यामुळे तो फतवा सोसायटीचं मेंटेनन्स, गळका नळ आणि मेहुणीच्या मुलाचं लग्न या विषयांना लागू झाला. वहिनींनी पंधरवडा दम धरला. मग एका संध्याकाळी साडेचारला गॅसवाला आला, आणि हे महाशय ऑर्किडासमोर डोळे मिटून ओठ पुढे-मागे करत बसलेले. वहिनींनी सिलिंडर स्वतः आत घेतला, बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी फ्रिट्झ आणा. मग नीरो व्हा." पाटी त्याच रात्री उतरली. ऑर्किड अजून आहे. पाणी वहिनी घालतात.

पुस्तकं मिळवायची कशी, हा आपल्याकडचा खास प्रश्न. मी बरीचशी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतली. तिथे अमेरिकन आणि ब्रिटिश आवृत्त्या एकाच ढिगात असतात, आणि हे जपून. एकाच कादंबरीला दोन देशांत दोन नावं असतात. अमेरिकेतली 'अँड बी अ व्हिलन' इंग्लंडात गेली की 'मोअर डेथ्स दॅन वन' होते. 'प्रिझनर्स बेस' तिकडे 'आउट गोज शी'. दोन्ही नावांची दोन पुस्तकं हौसेनं घरी आणून दुसऱ्याच्या विसाव्या पानावर 'अरेच्चा, हा मेलेला माणूस ओळखीचा वाटतो' असं झालेले लोक आहेत. आणि शेवटचं पान जागेवर आहे का, हे विक्रेत्यासमोरच बघून घ्या. बघताना वाचू नका.

क्रम पाळायचाच असेल तर तीन पुस्तकांपुरता पाळा. 'अँड बी अ व्हिलन', 'द सेकंड कन्फेशन' आणि 'इन द बेस्ट फॅमिलीज', १९४८, ४९ आणि ५०. या तिन्हींत आर्नल्ड झेक नावाचा एक बडा गुन्हेगार सावकाश जवळ येत जातो, आणि तिसऱ्यात जे होतं ते पहिली दोन वाचल्याशिवाय झेपणार नाही. बाकी मोकळं रान आहे. शब्दांवर प्रेम असेल तर 'गॅम्बिट' घ्या. तीत वूल्फ शेकोटीसमोर बसून वेबस्टरच्या नव्या शब्दकोशाचं एकेक पान फाडून जाळतोय, कारण त्या कोशकारांनी भाषेची केलेली ढिलाई त्याला सोसत नाही. सत्तेशी पंगा आवडत असेल तर १९६५ ची 'द डोअरबेल रँग'. एक श्रीमंत विधवा एफबीआयवर टीका करणाऱ्या पुस्तकाच्या दहा हजार प्रती विकत घेऊन देशभरच्या वजनदार लोकांना वाटते, एफबीआयवाले तिच्या मागे लागतात, आणि ती एक लाख डॉलरचा चेक घेऊन वूल्फकडे येते. एफबीआयचा प्रमुख हूवर तेव्हा हयात होता आणि खुर्चीत बसलेला होता, हे लक्षात घ्या. एफबीआयनं खुद्द स्टाउटवर फाईल ठेवलेली होती. वाचायचाच कंटाळा असेल तर २००१-०२ मधली टीव्ही मालिकाही आहे, त्यातला टिमथी हटनचा आर्ची फक्कड जमलाय. स्टाउटनंतर रॉबर्ट गोल्ड्सबरोनं ही पात्रं पुढे चालवली; ती पुस्तकं इतकी सगळी संपल्यावर, अगदीच करमेनासं झालं तर.

तेव्हा सुरुवात 'द सायलेंट स्पीकर'नं करा. ते नाही मिळालं तर ढिगात जे हाताला लागेल ते उचला, झेकची ती तीन सोडून. 'सम बरीड सीझर' चौथ्या-पाचव्या नंबरला ठेवा. आणि १९७५ ची 'अ फॅमिली अफेअर' सगळ्यांत शेवटी. का, ते मी सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगू लागलंच तर कानांवर हात ठेवून सरळ तिथून उठा.